सहाशे बारा भडके

चिखलटोल्यात शामकलाबाई रहांगडालेंच्या अकरा बांध्या आहेत आणि अकराही बांध्यांना नाव आहे. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, नाही असं नाही. पण नंबरावरून शेत ओळखणारा माणूस एकतर तलाठी असतो नाहीतर चोर, असं शामकलाबाईंचं मत. धानाच्या शेताला बांध घालून केलेला एकेक तुकडा म्हणजे बांधी, आणि तिच्यात जे घडलं ते तिचं नाव. साप निघाला ती सापवाली. लग्नानंतरच्या पहिल्याच रोवणीत, म्हणजे धानाच्या लावणीत, नवरा पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या डोक्यावर घेऊन मोठ्या रुबाबात आला आणि सगळ्या बायांसमोर चिखलात उताणा पडला, ती नवरदेवाची. आणि जिच्या बांधावरून चुलतजाऊ सुलोचनाबाईशी सात वर्षं बोलणं बंद होतं, ती तंट्याची.

तंटा कोणी सुरू केला हे गावात कोणालाही विचारा. शामकलाबाईंना तेवढं विचारू नका.

यंदा नऊ बांध्यांची रोवणी झाली आणि ऑगस्ट लागल्यावर पावसाने जी दडी मारली ती मारलीच. उरल्या दोन: नवरदेवाची आणि तंट्याची. पऱ्हे जागच्या जागी पिवळे पडायला लागले. पाणी होतं ते सुलोचनाबाईच्या बोडीत, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यात, आणि ती बोडी नेमकी ह्याच दोन बांध्यांच्या वरच्या अंगाला. शेवटी शामकलाबाई सात वर्षांत पहिल्यांदा तिच्या ओट्यावर चढल्या. बसल्या. चहा घेतला. चहात साखर कमी होती तरी काही बोलल्या नाहीत, यावरून गरज किती होती ते समजावं.

"झेंडा झाला का सोळा तारखेले बोडीचं तोंड उघडतो, बाई," सुलोचनाबाई म्हणाली. "तुमच्या दोनी बांध्या होऊन जातीन. पण तोवर गावात माझ्याबद्दल तुमच्या तोंडचं काही आयकू नाही आलं पाहिजे."

"मी कायले बोलतो वं तुह्याबद्दल?" शामकलाबाई म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांना अजिबात हसू आलं नाही.

म्हणजे आठ दिवस तोंड बंद. अडुसष्ट वर्षांत हे काम त्यांना आठ मिनिटंही जमलं नव्हतं, आजारपणात धरून. तरी त्यांनी मनावर घेतलं. बोअरिंगवर बायांत सुलोचनाचा विषय निघाला की त्या घागर अर्धी भरूनच घरी यायच्या. पण जे आधीच बोलून झालं होतं त्याचं काय करायचं, हा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नाही. बोललेलं हवेत जातं, असा त्यांचा समज.

बोललेलं गेलं होतं नातीच्या लॅपटॉपात.

नात म्हणजे त्यांच्या मुलाची, टेकचंदची, मुलगी आचल. पुण्याच्या एका संस्थेत कामाला होती. जूनच्या शेवटी तिला टायफॉइड झाला आणि ती घरी आली, सोबत लॅपटॉप घेऊन. ताप उतरल्यावर मागच्या पडवीत खाट टाकून काम करायला लागली, कारण मोबाईलची रेंज तेवढ्याच जागी येते. शामकलाबाई सूप घेऊन शेजारी बसायच्या. तांदूळ निवडायचं निमित्त. खरं म्हणजे पोरगी दिवसभर त्या डब्यात करते काय, ते त्यांना पाहायचं होतं.

डब्यात एक वेडीवाकडी रेघ असायची. आचल तिच्याकडे टक लावून बघायची, काहीतरी लिहायची आणि दुसरी रेघ काढायची.

"हे काय होय वं? डॉक्टर छातीची पट्टी काढते, तशी दिसून राहिली."

"आजी, वर एक दुर्बीण फिरून राहिली. लय दूर कुठंतरी एखादा मोठा तारा कोसळते, नाही तं दोन मेलेले तारे एकमेकावर आदळतात. तवा गॅमा किरणांचा भडका उडते. आपल्या डोळ्याले नाही दिसत, दुर्बिणीले समजते. ही रेघ म्हणजे तो भडका. कवा चढला, कवा उतरला."

"मंग तू काय करते?"

"यादी करतो. सहाशे बारा हायेत. मशीननं निवडले, पण मशीन चुकते. मी एकेक डोळ्यानं पाहतो. खरा का खोटा, किती सेकंदाचा, कसा दिसते, ते लिहितो."

शामकलाबाईंनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग मांडीवरच्या सुपाकडे. "म्हणजे खडे निवडून राहिली. अन् त्याच्यासाठी सतरा वर्षं शिकली?"

"हो."

"मी तं तिसरीतच शिकली होती." त्यांनी एक खडा उचलून अंगणात फेकला. "याचं नाव काय?"

"दोन चार शून्य तीन एक आठ ए. वर्ष, महिना, तारीख. त्याच दिवशी दुसरा आला तं बी."

"हे नाव होय? हा तं गट नंबर झाला! एवढा तारा मेला आणि त्याले तलाठ्यावानी नंबर देऊन राहिले. कसा ओळखू येईन तुले उद्या?"

आचलने खरं सांगायचं तर नाहीच येत म्हणून सांगितलं. शंभरेक पाहून झाल्यावर सगळे सारखेच दिसायला लागतात, आणि पहिल्यांदा काय लिहिलं ते दुसऱ्यांदा तपासताना आठवत नाही.

झालं. शामकलाबाईंना एवढं पुरे होतं. त्या दिवसापासून आकाशातल्या भडक्यांची बांध्यांसारखी सोय लागायला लागली.

एका रेघेत आधी बारीकसा उंचवटा, मग कितीतरी वेळ शांत, आणि मग एकदम डोंगर. "हा चुन्नीलालचा खोकला." चुन्नीलाल म्हणजे गावचे सरपंच. भाषणाआधी ते एकदा खोकतात, सगळ्यांनी आपल्याकडे बघेपर्यंत थांबतात, मग सुरू होतात. दुसरी रेघ क्षणात वर गेली आणि हळूहळू, रडत रडत खाली आली. "टेकचंदचा राग. चढाले वेळ नाही, उतराले दिवस जाते." तिसरी पेटली, विझली, पेटली, विझली आणि मग धडाधड चालू लागली, ती भोजराजची फटफटी. एक इतकी आखूड, की दोन सेकंदही नाही. "हे रेणूचं हसू. माझ्यासमोर एवढंच हसते." रेणू त्यांची सून, आचलची आई. ती आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज जरा वाढला.

आणि एक रेघ अशी होती की ती चढली, उतरली, संपली वाटेपर्यंत पुन्हा चढली, पुन्हा, अजून एकदा. नऊ शेंडे. एकशे चाळीस सेकंद.

शामकलाबाईंना विचार करावा लागला नाही. "सुलोचनाची जीभ!"

आचल खाटेवर आडवी होऊन हसली आणि उठून टकटक टकटक लिहू लागली. ती तिचं इंग्रजी काम लिहीत असेल असं शामकलाबाईंनी धरलं. चष्मा लावला असता तर कळलं असतं. पण चष्मा पेटीत होता, कारण चष्मा म्हाताऱ्या बायांनी लावायचा असतो.

जुलैच्या मध्यात एके दिवशी आचल खाटेवरून उठून उभीच राहिली. पडद्यावरची रेघ थेट वरच्या काठाला टेकली होती.

"आजी, एवढा मोठा मी पाहिलाच नाही आतापर्यंत! याच्याकडे कोणाचं लक्षच नाही गेलं!"

तिने पुण्याला फोन लावला. तिचा फोन संपायच्या आत शामकलाबाई तिसऱ्या घरात पोचल्या होत्या. जगातला सगळ्यात मोठा भडका माझ्या नातीनं सापडवला, असं त्या पहिल्या घरी म्हणाल्या; चौथ्या घरापासून 'जगातला' मागे पडून 'आभाळातला' झाला, तो आणखी मोठा. संध्याकाळी टेकचंदला तिरोड्याला पिटाळून पेढे आणवले आणि चाळीस घरी वाटले. सुलोचनाबाईशी तेव्हा बोलणं नव्हतं, तरी तिच्याकडेही पाठवले. मुद्दाम पाठवले. तिचा नातू हिमांशू तिरोड्याच्या एका कंपनीत लागला तेव्हा तिने बर्फी वाटली होती, ते शामकलाबाई विसरलेल्या नव्हत्या.

दोन दिवसांनी पुण्याहून फोन आला. भडका खोटा होता.

"दक्षिणेकडं एका समुद्रावर हवेच्याही वर बारीक कणांची गर्दी राहते, आजी," आचल खाली मान घालून सांगत होती. "दुर्बीण तिथून गेली का तिचं यंत्र सोताच ओरडते. बाहेर काहीच नाही झालं. मले समजाले पाहिजे होतं."

तिने त्या ओळीसमोर 'बाद' लिहिलं, एक संध्याकाळ न जेवता काढली आणि सकाळी पुढची रेघ काढली. पोरीचं तसं बरं आहे. चूक झाली, लिहून टाकली, पुढे गेली. शामकलाबाईंची बातमी एका संध्याकाळीत चाळीस घरी गेली होती. ही दुसरी बातमी त्यांच्या उंबऱ्याबाहेरसुद्धा पडली नाही. लोकांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं त्यांनी स्वतःची समजूत घालून टाकली. लोक रोज विचारत होते.

पंधरा ऑगस्टला झेंडा झाल्यावर शाळेच्या मोठ्या खोलीत आचलचा सत्कार ठेवला होता. सरपंचांनीच ठरवलं. हिमांशूने तिरोड्याहून प्रोजेक्टर आणला, आचलचा लॅपटॉप त्याला जोडला, खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. शामकलाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसल्या. नातीचं कौतुक नीट दिसावं म्हणून आज चष्माही काढला होता पेटीतून. शेजारच्या खुर्चीवर सुलोचनाबाई. सात वर्षांनी दोघी शेजारी बसलेल्या पाहून गावाने आधी तेच पाहून घेतलं.

सरपंच उभे राहिले. खोकले. थांबले. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितल्यावर सुरू झाले.

"जगातला सर्वांत मोठा स्फोट शोधून काढणारी आपल्या चिखलटोल्याची कन्या..."

आचलने दचकून आजीकडे पाहिलं. आजी पंख्याकडे पाहत होत्या. पंखा बंद होता.

आचल शहाणी पोरगी. तिने सरपंचांना लोकांपुढे तोंडघशी पाडलं नाही, पण त्या स्फोटाचा शब्दही काढला नाही. चार चित्रं दाखवली. तारा कसा कोसळतो, दुर्बीण कशी फिरते, रेघ कशी वाचायची. चौथीच्या पोरांनाही कळेल असं बोलली. टाळ्या झाल्या. दोन मिनिटांत नारळ हातात देऊन कार्यक्रम संपला असता आणि दुसऱ्या दिवशी बोडीचं तोंड उघडलं असतं.

पण सुलोचनाबाई हळूच म्हणाली, "चारच होय? दीड महिना खाटेवर बसून चार?"

शामकलाबाईंनी सात दिवस तोंड बंद ठेवलं होतं. एकच दिवस उरला होता. त्यांनी दात दाबले, लुगड्याचा पदर नीट केला, पुन्हा दात दाबले आणि उभ्या राहिल्या.

"हिमांशू, ते पूर्ण यादी दाखव गा. सहाशे बारा हायेत. दिसू दे सगळ्याइले, पोरीनं किती काम केलं ते."

"आजी, नको!" आचल माईकमध्येच ओरडली. "त्या यादीत पाहण्यासारखं काही नाही!"

"लाजून राहिली पोरगी," शामकलाबाईंनी मागे वळून लोकांना सांगितलं. "दाखव गा हिमांशू. मी म्हणतो ना!"

शामकलाबाईंना तोंडावर नाही म्हणणारा माणूस चिखलटोल्यात तयार व्हायचा आहे. आचल मंचावरून उतरेपर्यंत हिमांशूने यादी उघडली.

भिंतभर ओळी आल्या. सगळे इंग्रजी आकडे. फक्त शेवटचा रकाना मराठीत, वर लिहिलेलं 'शेरा'. आणि समोर सतरंजीवर चौथीचा वर्ग बसलेला. त्यांना गुरुजींनी सवय लावलेली, की भिंतीवर मराठीत काही दिसलं की एका सुरात मोठ्याने वाचायचं.

"चुन्नी-लाल-चा खो-कला!"

खोली हसून फुटली. सरपंच गोंधळून खोकले. खोली पुन्हा फुटली.

"भोज-राज-ची फट-फटी! टेक-चंद-चा राग! रेणू-चं हसू!"

मागे बायांत रेणू हसली. दोन सेकंदांपेक्षा बरंच जास्त हसली, हे शामकलाबाईंच्या ध्यानात आलं. पण त्यावर विचार करायला सवड नव्हती. चष्मा डोळ्यावर होता आणि पुढची ओळ त्यांनी पोरांच्या आधी वाचली होती. आपण तिसरीपर्यंत तरी का शिकलो, असं त्यांना जन्मात पहिल्यांदा वाटलं.

"सु-लोच-ना-ची जीभ!"

हिमांशूचं बोट घाबरून माऊसच्या चाकावर पडलं. यादी बंद व्हायची ती सरासर खाली धावायला लागली, आणि तसल्या लांब भडक्यांना आचलने यादीत जागोजागी तेच नाव दिलं होतं.

"सुलोचनाची जीभ! टेकचंदचा राग! सुलोचनाची जीभ! चुन्नीलालचा खोकला! सुलोचनाची जीभ! सुलोचनाची जीभ!" पोरांना आता अक्षरं जुळवावी लागत नव्हती. पाठच झालं होतं.

एकेक अक्षर वीतभर उंच होतं. शामकलाबाईंना भिंत दिसेनाशी झाली. त्यांना पिवळे पऱ्हे दिसत होते, आणि बोडीचं बुजवलेलं तोंड.

सुलोचनाबाई उठली.

"थांब रे हिमांशू. बंद नको करू." ती चालत भिंतीपाशी गेली आणि स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. तिची सावली यादीवर पडली. "आचल, हे काय होय?"

"आजी, ते लक्षात राहावं म्हणून लिहिलं होतं. पुण्याले पाठवाच्या आधी काढणार होती मी..."

"कोणी सांगितलं ते मले माहीत हाय. ते नाही विचारून राहिली. हा भडका कसा होय, ते सांग."

आचलने स्वतःच्या आजीकडे पाहिलं. तिथून मदत येण्यासारखी नव्हती. मग तिने जसं होतं तसं सांगितलं. हा लांब भडका. एकशे चाळीस सेकंद, नऊ शेंडे. आपल्या सूर्याच्या कितीतरी पट मोठा तारा कोसळला तेव्हाचा. बाकीच्या दुर्बिणींनी अंतर मोजलंय. दहा अब्ज वर्षांपूर्वी हे किरण निघाले, तेव्हा पृथ्वीसुद्धा नव्हती. सूर्य जन्मभरात जेवढं देईल तेवढं ह्याने दोन-अडीच मिनिटांत टाकलं.

"म्हणजे खरा हाय?"

"एकदम खरा, आजी."

"हूं." सुलोचनाबाई वळली. "अन् बाईचा कोणता?"

हिमांशूने यादी वरून खाली नेली, खालून वर आणली. "नाही दिसून राहिला."

"साऱ्या गावाले वाटले अन् सोताले एक नाही ठेवला? असं कसं?"

इथे सरपंच मदतीला धावले. खोकायलाही थांबले नाहीत. "अरे, तो जगातला सर्वांत मोठा होता ना! तोच शामकलाबाईंचा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुटका आयती समोर आली होती. नुसतं खाली बसायचं होतं, थोडं लाजल्यासारखं करायचं होतं. नाक वाचलं असतं, उलट बोटभर लांब झालं असतं. पण शामकलाबाईंनी सुलोचनाचं तोंड पाहिलं. जिभेचं ती हसण्यावारी नेणार होती, ते मघाशी तिच्या ओठांच्या कोपऱ्यात दिसलं होतं. ह्या टाळ्यांनी ते ओठ मिटले. घट्ट मिटले. बोडीचं तोंड ह्याच बाईच्या हातात होतं.

त्या वेळी शामकलाबाईंच्या मनात खऱ्याची चाड वगैरे जागी झाली असं कोणी समजू नये. त्यांनी हिशेब केला. दोन बांध्या एका बाजूला, नाक एका बाजूला. नाकात धान रोवता येत नाही.

"आचल," त्या म्हणाल्या. "तो पेढेवाला काढ."

आचलने हिमांशूच्या हातून लॅपटॉप घेतला. तिला ओळ सापडायला वेळ लागला. तेवढ्या वेळात शामकलाबाईंना दोनदा वाटलं की भोवळ आल्याचं सोंग करावं. मग ओळ भिंतीवर आली. शेरा एकच शब्दाचा.

"वाचा पोरांनो."

"बाद!"

"आयकलं? खोटा होता तो." शामकलाबाईंचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, तो लहान कसा करायचा हे त्यांना माहीत नव्हतं. "भडका-बिडका काही नोहोता. यंत्र आपलंच ओरडलं, बाहेर काहीच नाही झालं. दोन दिवसांत पुण्यावरून समजलं होतं. पोरीनं मले तवाच सांगितलं. मी तुम्हाले नाही सांगितलं. काऊन का पेढे खाऊन झाले होते."

कोणी हसलं नाही. हे हसण्यापेक्षा वाईट होतं.

"त्याच्यासमोर नाव लिही, आचल."

"कोणाचं?"

"माझं लिही ना वं! ओरडली कोण, गावभर?"

आचलने एकेक अक्षर लिहिलं आणि पोरांनी एकेक अक्षर वाचलं. "शा... शाम... शामक... शामकला!" आणि मग, गुरुजींनी न सांगता, ओळ सलग वाचली: "बाद शामकला!"

आता मात्र खोली अशी हसली की खिडकीवरची एक सतरंजी खाली आली. अडुसष्ट वर्षं जपलेला रुबाब भर उजेडात उभा होता. शामकलाबाई खुर्चीवर बसल्या आणि हसणं संपायची वाट बघत राहिल्या. संपलं वाटेपर्यंत मागच्या कोपऱ्यातून पुन्हा चढायचं. नातीजवळ बसून त्यांना आता अंदाज आला होता: एकशे चाळीस सेकंद सहज झाले असतील.

सुलोचनाबाई शेजारी येऊन बसली. "पेढे बी कमीच होते," ती समोर बघत म्हणाली. "आमच्या घरी तीनच आले होते."

पाणी देणार की नाही, ते तिने सांगितलं नाही. शामकलाबाईंनी विचारलं नाही. एका दिवसात एवढं सगळं त्यांच्याने होण्यासारखं नव्हतं.

सोळा तारखेला त्या उजाडताच बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. रोवणीच्या बायांना आठला बोलावलं होतं. बांध्या कोरड्या. सात वाजले. साडेसात वाजले. तिरोड्याच्या कारखान्याच्या चिमण्यांचा धूर सरळ वर जात होता, म्हणजे ढगाचीही आशा नव्हती. बाया आल्या, बांधावर बसल्या, आणि एकमेकींकडे बघून पदराआड 'बाद' म्हणाल्या. शामकलाबाईंनी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं.

आठला सुलोचनाबाई आली, खांद्यावर फावडं घेऊन. वरच्या बांधावर थांबली.

"पाणी देतो, बाई. पण मले तो कागद पाहिजे."

"कोणता कागद?"

"माझ्या भडक्याचा. रंगीत. काचेत बसवून. खाली लिहून पाहिजे, दहा अब्ज वर्षं."

"अन् जीभ?"

सुलोचनाबाईने विचार केला. "जीभ राहू द्या. नाही तं लोकाले कसं समजन कोणाची होय ते?"

"देतो. पण काचेचं मी नाही करत. काच तुही तू बसव."

"काचेशिवाय पाणी नाही."

"बरं वं माय, काचेसकट!"

सुलोचनाबाईने फावडं मारलं. पाणी आधी तंट्याच्या बांधीत आलं, मातकट, फेसाळ, वाळलेल्या भेगांतून गुळगुळ करत. ती भरल्यावर नवरदेवाच्या बांधीत उतरलं. दिवस मावळायच्या आत दोन्ही रोवून झाल्या. जाताना एक बाई म्हणाली, आता तंटा मिटला तर ह्या बांधीला काय म्हणायचं?

"तंट्याचीच राहू दे," शामकलाबाई म्हणाल्या. "उद्याचं कोणाले माहीत?"

आचल महिनाअखेर पुण्याला गेली. जायच्या आधी तिने शेऱ्याचा रकाना काढून टाकला आणि बाद झालेले वेगळे केले. पक्क्या यादीत आता नुसते आकडे आहेत, तलाठ्याला आवडतील असे. शामकलाबाई तर आकड्यातही नाहीत.

सुलोचनाची जीभ मात्र तिच्या बैठकीत आहे, देवांच्या फोटोंच्या खाली आणि हिमांशूच्या आयटीआयच्या प्रमाणपत्राच्या वर, काचेत. काच शामकलाबाईंच्या खर्चाने. पाहुणे आले की सुलोचनाबाई जावेला चहाला बोलावते आणि बरोब्बर त्या फोटोसमोर बसवते.

"बाई, सांगा ना याइले. किती सेकंदाचा होय?"

"एकशे चाळीस," शामकलाबाई सांगतात.

"अन् खरा का खोटा?"

"खरा."

आणि चहा पितात. साखर अजूनही कमीच असते.